आमच्या कॉलेजचं फीडबॅक सॉफ्टवेअर : चुकलेल्या पत्रकांचं काय होतं?

मी एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांकडून शिक्षकांबद्दलचा अभिप्राय घ्यायला कॉलेजने एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलंय. आम्ही ते दोन सत्रं वापरलं. दुसऱ्या कॉलेजांतले ओळखीचे प्राध्यापक ‘कसं आहे, घेऊ का?’ म्हणून फोन करतात, म्हणून एकदाच नीट लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. ज्या गोष्टी मला खटकल्या, त्या अशा कुठल्याही सॉफ्टवेअरबद्दल विचारून घ्याव्यात.

आधी चांगलं सांगते. मोबाइलवर पटकन उघडतं, नेट कमी असलं तरी अडकत नाही. पूर्वी आम्ही कागदी फॉर्म वाटायचो. वर्गशिक्षक गोळा करायचे, ऑफिसातले भाऊसाहेब दोन-दोन आठवडे बेरजा मारत बसायचे. त्यात मुलांचं अक्षर आम्ही ओळखायचो आणि हे मुलांनाही माहीत असायचं. ती भीती गेली, ही मोठी गोष्ट आहे.

आता पहिल्या सत्रात काय झालं ते. माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधून अभिप्रायाची १२ पत्रकं आली आणि पाचपैकी सरासरी ३.८३ निघाली. आमच्याकडे ४ च्या खाली गेलं की लेखी खुलासा द्यावा लागतो. खुलासा मी दिला असता, पण आधी पत्रकं एकेक करून वाचली. दहा पत्रकांची सरासरी ४.४ होती. उरलेल्या दोघांनी सगळीकडे सरळ १ दिला होता. त्यातल्या एकाने खाली लिहिलं होतं, ‘मॅम बेस्ट आहेत, टायट्रेशन पहिल्यांदाच समजलं.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘मायक्रोस्कोप चौघांत एक देतात, स्लाइड दिसतच नाही.’

माझ्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप नाहीत. आमच्या कॉलेजात जाधव मॅडम दोन आहेत, एक मी आणि एक वनस्पतिशास्त्राच्या. सॉफ्टवेअरच्या यादीत फक्त आडनाव आणि इनिशियल्स दिसत होते, विषय नाही आणि फोटोही नाही. त्या मुलाची तक्रार खरी होती, पण ती ज्यांच्यापर्यंत जायला हवी होती त्यांच्यापर्यंत गेलीच नाही. मला ३.८३ मिळाले याहून मला हे जास्त लागलं.

‘बेस्ट मॅम’वाल्या पत्रकाचं कोडं मला दोन दिवसांनी उलगडलं. त्याच आठवड्यात नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण मुलांच्या ई-मेलवर आलं होतं. नॅकच्या २०१७ च्या चौकटीत ते होतं : वीस प्रश्न पर्यायांचे आणि एकविसावा सूचनांसाठी मोकळा. त्यात पर्याय ४ पासून ० पर्यंत उतरत यायचे, म्हणजे सगळ्यात वरचा सगळ्यात चांगला. अभ्यासक्रम किती शिकवला या प्रश्नाला पहिला पर्याय ८५ ते १०० टक्के. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र क्रम १ ते ५, वरचा सगळ्यात वाईट. काल एक फॉर्म भरलेलं पोर आज दुसरा भरताना सवयीने वरच्या गोलावर बोट ठेवणारच. त्यात फॉर्म पूर्ण झाल्याशिवाय हॉल तिकीट निघत नाही, अशी सोय आमच्या ऑफिसने चालू केली होती. सहा विषय, प्रत्येकी वीस प्रश्न, म्हणजे १२० वेळा टिचकी. परीक्षा तोंडावर असताना कोण वाचत बसेल?

एकदा सबमिट झालेलं पत्रक मुलांना परत उघडता येत नाही. हेल्पडेस्कला विचारलं, चार दिवसांनी ‘तिकीट क्लोज्ड’, म्हणजे तक्रार मिटली, असा मेसेज आला. फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅम, कुणाचं लॉगिन आहे ते काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.” मला धक्का बसला. फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय की तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. मी नको म्हटलं आणि त्याच दिवशी प्राचार्य सरांना पत्र दिलं. सॉफ्टवेअर घेताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा : नाव नक्की कुणाला दिसतं?

मोकळ्या अभिप्रायातले अपशब्द आपोआप झाकणारी एक सोयही आहे आणि जाहिरातीत तिचा मोठा गाजावाजा असतो. आमच्या अनुभवात ती उलटी चालली. एकाने लिहिलं होतं, ‘लॅबमधलं बेसिन घाणेरडं आहे, पाणी तुंबतं.’ ‘घाणेरडं’ या शब्दामुळे अख्खं वाक्य झाकलं गेलं. आणि आमच्या एका तरुण सहकारी मॅडमच्या अंगाबद्दल, साडीबद्दल लिहिलेली ओळ जशीच्या तशी त्यांच्या लॉगिनवर दिसली, कारण त्यात सॉफ्टवेअरच्या अपशब्दांच्या यादीतला एकही शब्द नव्हता. ती ओळ मी इथे लिहिणार नाही. स्टाफरूममध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांनी वाचलं, मोबाइल पालथा केला, मस्टर उचललं आणि तासाला निघून गेल्या. त्या तासिका तत्त्वावर आहेत. पुढच्या वर्षीच्या नेमणुकीच्या वेळी हाच अहवाल टेबलावर असतो.

सॉफ्टवेअरमध्ये अशी ओळ नंतर हाताने झाकता येते, पण त्या पत्रकाचे गुण सरासरीत राहतातच. मजकूर अश्लील आहे म्हणून झाकायचा आणि त्याच हाताने दिलेला १ मात्र धरायचा, हे मला पटत नाही. मॅडमची परवानगी घेऊन आम्ही प्रकरण लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी दिलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांनुसार ही समिती प्रत्येक कॉलेजात असायलाच हवी. नाव शोधायचं की नाही हे ठरवायचं तर त्या समितीनेच, कागदोपत्री. विभागप्रमुखांनी किंवा हेल्पडेस्कने नाही.

बाकीच्या चुकलेल्या पत्रकांसाठी आयक्यूएसीने, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने, तिघांची एक छोटी समिती केली. माझ्या पत्रकांचा निर्णय होताना मी बाहेर बसले. मायक्रोस्कोपवालं पत्रक त्यांनी बाजूला काढलं आणि त्यातली तक्रार वनस्पतिशास्त्र विभागाला कळवली. ‘बेस्ट मॅम’चे १ उलटे करून ५ धरावेत असं एका सरांचं म्हणणं होतं. मी आधीच लिहून दिलं होतं की तसं करू नका, मुलाच्या वतीने गुण द्यायचा अधिकार आपल्याला नाही. तेही पत्रक बाजूला ठेवलं आणि अहवालात कारणासह नोंद केली.

त्या दहा पत्रकांत एक असंही होतं : ‘मॅडम फळ्यावर फार भरभर लिहितात, मागून दिसत नाही, विचारलं की चिडतात.’ गुण २. हेही काढता येईल का, असं मला आडून विचारलं गेलं. नाही. ते पत्रक माझ्याच नावाचं होतं, माझ्याच कामाबद्दल होतं. ते झोंबलं, पण चुकीचं नव्हतं. चुकून माझ्याकडे आलेलं आणि मला न आवडलेलं या दोन गोष्टींतली रेघ पुसली, तर मुलं पुन्हा कधी खरं लिहिणार नाहीत.

हे सगळं एक्सेलमध्ये हाताने करावं लागलं. पत्रक ‘बाजूला’ ठेवायची सोयच सॉफ्टवेअरमध्ये नाही. अहवालात दोन दशांशांपर्यंत सरासरी छापून येते, पण किती मुलांपैकी किती जणांनी भरलं आणि गुण कसे विखुरलेत हे छापून येत नाही. टोरांटोच्या तेव्हाच्या रायरसन (आताच्या टोरांटो मेट्रोपॉलिटन) विद्यापीठाच्या वादात २०१८ मध्ये लवाद विल्यम कॅप्लन यांनी सरासरीवर असंच बोट ठेवलं होतं आणि बढतीसाठी शिकवण्याचा दर्जा मोजायला हे गुण वापरू नयेत असा निवाडा दिला होता. आमच्याकडे इतकं कुणी म्हणत नाही. निदान विखुरणी तरी दाखवा, एवढीच माझी मागणी आहे.

मराठी फॉर्मबद्दलही थोडं. ‘टीचर इज ॲप्रोचेबल’चं भाषांतर ‘शिक्षक जवळ येण्याजोगे आहेत’ असं होतं. आम्ही ते ‘शंका विचारायला संकोच वाटत नाही’ असं करून घेतलं. वीसही प्रश्न एकदा मराठीच्या सरांकडून वाचून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी अडीच तारे. पत्र दिल्यानंतर कंपनीने यादीत विषय आणि फोटो टाकले, पर्यायांचा क्रम उलटा केला आणि सबमिट करण्याआधी ‘तुम्ही या मॅडमना हे गुण देताय’ असं विचारणारं पान जोडलं. दुसऱ्या सत्रात माझ्या नावावर दुसऱ्या कुणाचं पत्रक आलं नाही. हॉल तिकिटाची अट ऑफिसने अजून काढलेली नाही, त्यासाठी आम्ही मागे लागलोय. लॉगिन शोधायची सोय बंद केल्याचं लेखी पत्र कंपनीकडून यायचंय, ते आल्यावर इथे आणखी अर्धा तारा वाढवेन. बेसिनचं वाक्य उघडं करून मी स्टोअरला पाठवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा पाइप बदलला.