एनसीएएचे महिला विक्रम-पुस्तक: फुकट मिळते, पण वाचावे कसे?

अमेरिकेतील कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणारी एनसीएए ही संस्था महिला बास्केटबॉलच्या आपल्या राष्ट्रीय स्पर्धेचे सर्व विक्रम पीडीएफ स्वरूपात प्रसिद्ध करते आणि ते संस्थेच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. इंदूरमध्ये मुलींना हा खेळ शिकवणाऱ्यांना, तसेच रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये मुलीला सोडून सराव संपेपर्यंत ताटकळत बसणाऱ्या पालकांना याची फारशी माहिती नसते, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकते. पुस्तक विश्वासार्ह आहे आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या संग्रही असावे; पण ते जसेच्या तसे मुलींच्या हाती देऊ नये, कारण त्यात आकडा असतो, तो कोणत्या चेंडूने आणि कोणत्या रेषेमागून झाला हे नसते.

मांडणी सरळ आहे. वैयक्तिक विक्रम एका सामन्यातील, एका वर्षीच्या संपूर्ण स्पर्धेतील आणि खेळाडूच्या सबंध कारकिर्दीतील असे वेगवेगळे दिले आहेत. संघांचे विक्रम निराळे आहेत आणि शेवटच्या चार संघांच्या, म्हणजे ‘फायनल फोर’च्या, सामन्यांचे विक्रम पुन्हा निराळे आहेत. त्याशिवाय प्रत्येक वर्षाचे निकाल दिलेले आहेत. आरंभ 1982 पासून होतो, कारण एनसीएएने महिलांसाठी ही स्पर्धा त्या वर्षी प्रथम भरवली आणि नॉरफोक येथील अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेटचा 76-62 असा पराभव केला. खेळाडूचे नाव टाकून शोध घेतला की तिच्या नावावरच्या सगळ्या ओळी एकामागून एक समोर येतात, ही मोठी सोय आहे. अक्षर मात्र इतके बारीक आहे की मोबाइलवर वाचणे म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे.

एका सामन्यातील सर्वाधिक गुणांची ओळ मला या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते. ड्रेक विद्यापीठाच्या लॉरी बाउमनने 1982 मध्ये, म्हणजे पहिल्याच स्पर्धेत, मेरीलँडविरुद्ध 50 गुण केले आणि 2025 च्या स्पर्धेपर्यंत हा आकडा कोणालाही ओलांडता आलेला नाही. तिचा संघ तो सामना 89-78 असा हरला आणि फायनल फोरच्या उंबरठ्यावरूनच परतला, हे कळण्यासाठी विक्रमांचे पान सोडून निकालांकडे जावे लागते. बाकीचे तर वाचकाला स्वतःच ठाऊक असावे लागते. महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा 1987-88 च्या हंगामात आली, त्यामुळे बाउमनचे सगळे गुण दोन-दोनाचे गोल आणि फाउलनंतर मिळणारे एकेक गुणाचे फ्री थ्रो यांतून जमलेले आहेत. शिवाय आज मुली ज्या सहा नंबरच्या चेंडूने खेळतात तो तिथे 1984-85 पासून रूढ झाला. बाउमन खेळली ती पुरुषांच्याच मोठ्या चेंडूने.

हे तोंडी सांगून मुलींना फारसे भिडत नाही. मी एका सरावाच्या वेळी त्यांच्या हातात सात नंबरचा, म्हणजे पुरुषांचा, चेंडू दिला आणि फ्री थ्रोच्या रेषेवर उभे केले. घेरात एका इंचाचा आणि वजनात थोडासा फरक, पण ज्यांचा नेम एरवी चुकत नाही त्यांचेही चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत येऊ लागले. लहान तळव्याच्या एका मुलीने तर मनगटाऐवजी खांद्याने ढकलायला सुरुवात केली. “मॅडम, ह्याच चेंडूने पन्नास?” असे तिने विचारले तेव्हा त्या ओळीचा अर्थ तिच्यापर्यंत पोहोचला होता. एनसीएएने अशा विक्रमांपुढे एक छोटीशी तळटीप दिली असती, तर हा खटाटोप करण्याची गरज उरली नसती.

एका स्पर्धेतील सर्वाधिक गुणांच्या बाबतीत तर पुस्तक नवख्या वाचकाची दिशाभूलच करू शकते. आयोवाच्या केटलिन क्लार्कने 2023 मध्ये 191 गुण करून टेक्सस टेकच्या शेरिल स्वूप्सचा 1993 मधला 177 गुणांचा विक्रम मोडला, आणि पुस्तकात आता क्लार्कचे नाव वर आहे. ते योग्यच आहे; एकूण गुण म्हणजे एकूण गुण. परंतु 1993 मध्ये स्पर्धेत 48 संघ होते आणि वरचे मानांकन मिळालेल्या संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळत असे, त्यामुळे स्वूप्सने ते गुण 5 सामन्यांत केले. पुढच्याच वर्षी संघांची संख्या 64 झाली, 2022 पासून ती 68 आहे, आणि क्लार्कला 191 पर्यंत जाण्यासाठी 6 सामने मिळाले. भागाकार केला तर स्वूप्सची सरासरी 35.4 आणि क्लार्कची 31.8 येते. त्यात स्वूप्सच्या वेळची तीन गुणांची रेषा 19 फूट 9 इंचांवर होती, तर क्लार्कच्या वेळची आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे 6.75 मीटरवर, गेलेली होती. आपल्या कोर्टवर आखलेली रेषाही हीच. एक गोष्ट एकीच्या बाजूने जाते, दुसरी दुसरीच्या. श्रेष्ठ कोण, या वादात मी पडणार नाही, पण दोन्ही नावे एकाखाली एक वाचून निकाल देणाऱ्याने निदान एवढे तरी लक्षात घ्यावे.

स्वूप्सचा अंतिम सामना हा स्वतंत्र परिच्छेदाचा मानकरी आहे. अटलांटा येथे ओहायो स्टेटविरुद्ध टेक्सस टेकने 84-82 असा निसटता विजय मिळवला आणि संघाच्या 84 पैकी 47 गुण तिचे एकटीचे होते. पुरुषांच्या अंतिम सामन्यात बिल वॉल्टनने 1973 मध्ये केलेल्या 44 गुणांपेक्षाही हे अधिक आहेत. माझ्या दृष्टीने त्या 47 मधला सर्वांत बोलका भाग म्हणजे 11 पैकी 11 फ्री थ्रो. दोन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात त्यांतला एक जरी चुकला असता तर शेवटच्या मिनिटात काय झाले असते, हा विचार फ्री थ्रोचा सराव कंटाळवाणा मानणाऱ्या प्रत्येक मुलीने करावा. तिच्या 24 पैकी 16 यशस्वी फेकींची, ज्यांत 6 पैकी 4 तीन-गुणांच्याही आल्या, जोड दिली की बेरीज बरोबर 47 होते. मुलींकडून ती मी फळ्यावर करून घेतली, गणिताच्या मॅडमनाही आवडावी अशी.

क्लार्कच्या नावावरच्या ओळी पानोपानी आहेत. 2023 मध्ये लुईव्हिलविरुद्ध तिने 41 गुण, 10 रिबाउंड आणि 12 असिस्ट अशी कामगिरी केली. 40 किंवा अधिक गुणांसह ट्रिपल-डबल, म्हणजे अशा तीन बाबींत दोन आकडी कामगिरी, या स्पर्धेत, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, त्याआधी कोणीच केले नव्हते. पुढच्या सामन्यात, म्हणजे उपांत्य फेरीत, तोवर अपराजित असलेल्या साउथ कॅरोलायनाविरुद्ध पुन्हा 41. अंतिम सामन्यात तीन गुणांचे 8 गोल करूनही तिचा संघ हरला, कारण समोरच्या एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) 102 गुण केले, आणि अंतिम सामन्यातील सर्वाधिक सांघिक गुणांचा विक्रम म्हणून तो आकडाही याच पुस्तकात जाऊन बसला. सबंध कारकिर्दीच्या यादीत तिचे 491 गुण टेनेसीच्या शमीक होल्ड्सक्लॉच्या 479 च्या वर आहेत. क्लार्कने ते 17 सामन्यांत केले, होल्ड्सक्लॉने 22 सामन्यांत. मात्र होल्ड्सक्लॉने 1996, 1997 आणि 1998 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली आणि क्लार्कला एकही मिळाले नाही. गुणांच्या यादीत विजेतेपदाचा रकाना नसतो, ही या पुस्तकाची चूक म्हणता येणार नाही. तरी दोन पाने शेजारी ठेवून वाचण्याची सवय मुलींना आपणच लावायला हवी.

गुणांपलीकडच्या विक्रमांसाठी पुस्तक अधिक उपयोगी आहे, कारण वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींत ते कधी दिसत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाच्या शार्लट स्मिथची 1994 च्या अंतिम सामन्यातली आठवण म्हणून सगळे 0.7 सेकंद उरले असताना तिने मारलेला आणि 60-59 असा विजय मिळवून देणारा तीन-गुणांचा फटका दाखवतात. त्याच सामन्यात तिने 23 रिबाउंड घेतले होते, हे मात्र विक्रमांच्या पानावरच भेटते. बेलरच्या ब्रिटनी ग्रायनरने 2010 मध्ये जॉर्जटाउनविरुद्ध एकाच सामन्यात 14 ब्लॉक केले, ही ओळ आमच्या उंच पण लाजाळू सेंटरला मी आवर्जून दाखवली.

सगळेच विक्रम कौतुकाचे वाटतात असे नाही. कनेक्टिकटने 2018 मध्ये पहिल्याच फेरीत सेंट फ्रान्सिसवर 140-52 असा विजय मिळवला आणि मध्यंतरापर्यंतच 94 गुण केले होते. अशा एकतर्फी सामन्याची नोंद व्हावी, पण त्यातून शिकण्यासारखे मला फारसे सापडत नाही. याउलट 1998 मध्ये सोळावे, म्हणजे सर्वांत खालचे, मानांकन असलेल्या हार्वर्डने पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला तिच्याच कोर्टवर 71-67 असे हरवले, तो निकाल मी वारंवार वाचते. पुरुषांच्या स्पर्धेत असे घडायला आणखी 20 वर्षे जावी लागली. हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने त्या दिवशी 35 गुण केले. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होत्या, हेही सांगितले पाहिजे; निकालाची ओळ ते सांगत नाही.

पुस्तकाची एक मोठी उणीव म्हणजे 1982 पूर्वीचा काळ. त्याआधीची दहा वर्षे महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना भरवत असे. इमॅक्युलाटा या लहानशा कॉलेजने 1972 ते 1974 अशी तिन्ही विजेतेपदे जिंकली, पुढची तीन डेल्टा स्टेटने, ज्या संघात लूसिया हॅरिस होती. ऑलिंपिकमधील महिला बास्केटबॉलचा पहिला गोल 1976 मध्ये तिच्याच नावावर आहे. एनसीएएच्या विक्रमांत या स्पर्धांना जागा नाही. संस्था आपल्याच स्पर्धेचा हिशोब ठेवणार हे समजण्यासारखे आहे, तरी ‘इतिहासातील सर्वाधिक’ असे शब्द वाचताना तो इतिहास कुठून सुरू होतो हे डोक्यात ठेवावे.

छपाईविषयी थोडे, कारण मोबाइलवरच्या बारीक अक्षरांना कंटाळून बहुतेक जण शेवटी तिकडेच वळतात. मी खजुरी बाजाराच्या परिसरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात पाने छापून स्पायरल बाइंडिंग करून घेतले. पाठपोट छपाईत दुकानदाराने डावीकडे जागा न सोडल्यामुळे बाइंडिंगची भोके नेमकी आकड्यांच्या रकान्यावर आली आणि काही विक्रमांचा आकडाच नाहीसा झाला. तक्रार केली तेव्हा “इतकं बारीक कोण वाचतं, मॅडम?” असे उत्तर मिळाले. म्हणून छापणाऱ्याला समास सोडायला आधीच सांगावे आणि एक पान काढून बघितल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये.

या पुस्तकामुळे एक गोष्ट मनाला लागते, तीही लिहून टाकते. बाउमनचे 50 गुण आज आपल्याला माहीत आहेत, कारण 1982 मध्ये टेबलावर बसलेल्या कोणीतरी ते नीट लिहिले आणि संस्थेने तो कागद जपला. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना संपला की स्कोअरशीटची एक प्रत आयोजकांकडे जाते आणि पुढच्या हंगामापर्यंत तिचा पत्ता लागत नाही. एका मुलीने गेल्या काही वर्षांत एका सामन्यात सर्वाधिक किती गुण केले, हे आमच्याच शहरात कोणाला विचारावे ते मला सांगता येणार नाही. आता आमच्या गटाच्या प्रत्येक सामन्याच्या स्कोअरशीटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, आणि त्याखाली चेंडूचा नंबर व सामन्याचा कालावधी न विसरता लिहितो.

कोणी घ्यावे? प्रशिक्षकांनी जरूर घ्यावे. पंधरा-सोळा वर्षांपुढच्या, आकड्यांची आवड असलेल्या मुलींना वैयक्तिक विक्रमांची पाने तेवढी द्यावीत आणि जोडीला 1993 च्या अंतिम सामन्याची चित्रफीत दाखवावी. अंतिम सामना थेट पाहायचा तर 2024 आणि 2025 मध्ये तो आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला होता. सराफ्यातल्या खाऊगल्लीत त्या वेळी गर्दी असते, शाळकरी मुलींच्या घरी मात्र दिवे मालवलेले असतात. पंधरा-सोळा वर्षांहून लहान मुलींना पुस्तकाचा उपयोग नाही, त्यांना चेंडूच द्यावा. एप्रिलमध्ये स्पर्धा संपली की जुनी आवृत्ती मागे पडते, त्यामुळे स्पायरलवर पैसे घालवण्यापेक्षा सुटी पाने फाइलमध्ये लावावीत आणि जे पान बदलेल तेवढेच पुन्हा छापावे.