चलानाची फाईल माझ्या नावाने गेली

"शेठ, तुम्ही पाठवलेलं ते चलान उघडंना झालंय. परत पाठवा की."

२६ ऑगस्ट २०२५, हरतालिकेची संध्याकाळ, सव्वासात वाजलेले. दुसऱ्या दिवशी गणपती, त्याच्या दुसऱ्या दिवशी गावच्या गणपतीचा रथ. या दिवसांत तासगावात पाय ठेवायला जागा नसते, आणि माझं मोबाईलचं दुकान तर रस्त्यावरच. मी कुणाला कसलं चलान पाठवलेलं नव्हतं. "चुकून गेलं असंल," म्हणून फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवायला लागलो. पाच मिनिटांनी दुसरा फोन, हेच. तिसरा फोन मेहुण्याचा, सांगलीहून: "दाजी, ही काय फाईल टाकलीय घरच्या ग्रुपवर? आई उघडायला बसलीय."

तेव्हा हात थांबला. व्हॉट्सॲप उघडायला गेलो, तर ते माझा नंबर विचारायला लागलं, जसं काही फोन आजच घेतलाय.

झालं काय होतं ते मागून जोडत गेलो. दुपारी जेवून दुकानात पडलो होतो, तेव्हा पलूसकडच्या एका ओळखीच्या खत-औषध दुकानदाराकडून एक फाईल आली होती. नाव आरटीओ चलान, वर सरकारी दिसेल असं चिन्ह, खाली दोन ओळी: आपल्या वाहनाने नियम मोडला आहे, पुरावा पाहण्यासाठी ॲप घ्या. माझं एक चलान खरोखरच थकलेलं होतं, सांगलीत विश्रामबागला हेल्मेटशिवाय सापडलो होतो. डोक्यात तेच. त्या मेसेजमध्ये माझ्या गाडीचा नंबर कुठेच नव्हता, हे मी पाच दिवसांनी पाहिलं. आणि खताच्या दुकानदाराने मला चलान का पाठवावं, हे तर सहा महिन्यांच्या पोरालाही सुचलं असतं.

फाईलच्या शेवटी एपीके होतं. आता हे कळायला मला काही मास्तर लागत नाही. एपीके म्हणजे फोटो नाही, पीडीएफ नाही. ते आख्खं ॲप असतं, गुगलच्या दुकानातून न येता मागल्या दाराने आत घ्यायचं. मी ते बोटाने दाबलं. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणाहून ॲप घेऊ देऊ का? मी हो म्हटलं. मग ढालीचं चिन्ह घेऊन इशारा आला, हे ॲप धोक्याचं असू शकतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'तरीही इन्स्टॉल करा' असतं, ते कुठे असतं हे मला न बघता माहीत आहे. कारण दिवसातून चार पोरं येतात, कुणाला फुकटात मॅच बघायचं ॲप हवं असतं, कुणाला पैसे न भरता गाणी. ती ढाल मी गेली सात-आठ वर्षं लोकांच्या फोनवर बाजूला सारत आलोय. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मला येत होतं म्हणून मी फसलो, हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. दिली. मग मेसेजचं मुख्य ॲप मलाच करा म्हणालं. तेही केलं. शेवटी एक पान आलं, चलान बघायला एक रुपया भरा, कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे टाका. एक रुपया! एका रुपयाला कोण विचार करतो? आमच्याकडे तर एक रुपया हीच खात्री करायची पद्धत. बेदाण्याचा व्यापारीसुद्धा नव्या खात्यावर लाखभर टाकायच्या आधी एक रुपया सोडून बघतो, समोरचा "आला" म्हणाला की मग उरलेले. मी कार्डाची माहिती टाकली. पान गोल गोल फिरत राहिलं. सर्व्हर बंद असेल म्हणून मी फोन खिशात टाकला. स्क्रीनवर त्या ॲपचं चिन्हही उरलं नव्हतं.

त्यानंतर चारच्या आसपास माझ्या चालू खात्यातून तीन व्यवहार झाले. ४९,०००, मग २४,९९९, मग १३,५००. गणपतीच्या धंद्यासाठी हँडसेटवाल्याला द्यायचे पैसे होते ते. ओटीपी आले असणारच, बँकेचे मेसेजही आले असणार. पण ते माझ्या आधी त्या ॲपने वाचले आणि मला दिसू दिले नाहीत. व्हॉट्सॲपचंही तेच. दुसऱ्या फोनवर माझा नंबर टाकला, आलेला कोड इथून उचलला, आणि ते 'मी' झाले. माझ्याकडे सहा आकडी पिनची दुहेरी पडताळणी चालू असती तर एवढ्या कोडावर व्हॉट्सॲप हातचं गेलं नसतं. ती मी निम्म्या तासगावाला चालू करून दिलीय. माझ्या फोनवर? राहून गेली होती.

इथे थोडं मागचं सांगतो, कारण पैशापेक्षा पुढचं मला जास्त लागलं.

२०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा माझं दुकान नवीन होतं. डिसेंबर अखेर भीम ॲप आलं, ते मी पहिल्या आठवड्यातच घेतलं. आमच्या ओळीत पहिला क्यूआर कोड माझ्या काउंटरवर लागला. लोक बघून हसायचे. पैसे दिसत नाहीत तर आले कसे म्हणायचे? एक दूधवाले दादा तर "आधी पासबुकात भरून आण, मग मानतो," म्हणायचे. मग पैसे आले की बोलणारा तो स्पीकर आला आणि सगळं पालटलं. "प्राप्त झाले" असं कानाने ऐकलं की माणूस निवांत. मी पुष्कळ निरखलंय: आमचा माणूस नवी वस्तू वापरून पारखत नाही, ती कुणी आणून दिली ते पारखतो. द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर हवामानाचा अंदाज कुठला खरा, यापेक्षा तो कुणी टाकला हे आधी बघतात. पाऊस आला की डावण्या रोगाच्या भीतीने रात्री फवारायचं की नाही, हे त्या नावावर ठरतं. तसं फोनच्या बाबतीत नाव माझं होतं. कुठलं ॲप घ्यावं, कुठलं काढावं, बँकेचा मेसेज खरा की खोटा, सगळे दुकानात येणार. त्या ग्रुपवरही मी एवढ्याचसाठी होतो, माझ्याकडे बाग नाही.

आणि त्या संध्याकाळी माझ्या नावाने ती फाईल एकतीस ग्रुपवर गेली.

सात-तीसला मी सिमकार्ड काढलं. हे एक बरोबर केलं. सिम नसलं, वायफाय बंद केलं की ते ॲप मुकं होतं. बसस्थानकाजवळच्या एटीएमवर जाऊन मिनी स्टेटमेंट काढलं, तेव्हा आकडे दिसले. पावती हातात धरून मी तिथेच उभा होतो, मागचा माणूस म्हणाला, "मालक, सरका की." शेजारच्या पानपट्टीवाल्याच्या फोनवरून आधी बँकेच्या चोवीस तास नंबरवर कार्ड बंद केलं, व्यवहारांचे क्रमांक लिहून घेतले. मग १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. पाच वेळा लागला नाही, सहाव्यांदा लागला. समोरच्या बाईंनी नाव, खातं, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक एवढंच विचारलं, फसलात कसे म्हणून उलटतपासणी केली नाही, याचं बरं वाटलं. तक्रारीचा क्रमांक दिला. दुसऱ्या दिवशी बँकेला गणेश चतुर्थीची सुट्टी. मी बँक उघडायची वाट बघत बसलो असतो तर जे अडकलं तेही अडकलं नसतं. १९३० वरून तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे पोचलेत तिथे ते थोपवता येतात, पण पुढे सरकायच्या आत. माझे तीन तास आधीच गेले होते. थोपले २१,३००. तेही लगेच मिळाले नाहीत, त्याला तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा.

बँकेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम दाखवला. चूक बँकेची असेल, किंवा तिसऱ्याच कुणाची असून तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर तुमच्यावर बोजा नाही. पण कार्डाची माहिती तुम्ही स्वतः दिलीत, तर कळवण्याआधी गेलेलं तुमचं. कळवल्यानंतर काही गेलं असतं तर ते बँकेचं. म्हणजे मिनिटं मोजायची ती इथे. मी भांडलो नाही. भांडायला तोंड नव्हतं.

फोन पूर्ण पुसून नव्याने चालू केला, कारण चिन्ह नसलेलं ॲप हाताने शोधत बसण्यात अर्थ नसतो. व्हॉट्सॲप परत मिळवायला आणखी दीड दिवस गेला. बायको म्हणाली, "अहो, स्टेटस तरी टाका कुणाच्या तरी फोनवरनं, लोक अजून उघडत असतील." तिने तिच्या फोनवरून टाकलं, पोराने त्याच्या. मी गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना सांगून आरतीनंतर माइकवरून पुकारायला लावलं. माझ्याच नावाने. "यांच्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका." आयुष्यात मंडळाच्या माइकवर माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं.

चौघांनी फाईल घेतली होती. दोघांच्या फोनने ती चालू दिली नाही. एका पोराच्या खात्यात होतेच दोनशे. चौथे अण्णा.

अण्णांची सावळजच्या बाजूला अडीच एकर बाग. त्यांना पहिला स्मार्टफोन मी दिला, अंगठ्याने स्क्रीन कशी सरकवायची ते मी शिकवलं, ग्रुपवर मी घेतलं. ते फोनवर येणारं काहीही उघडायचे नाहीत, इतके जपून. फाईल आल्यावर त्यांच्याही फोनवर ती ढाल आली. त्यांनी मला फोन लावला. माझं सिम तेव्हा काढलेलं. मग त्यांनी पुतण्याला विचारलं, "लाल आलंय, करू काय?" पुतण्या म्हणाला, "शेठनं पाठवलंय न्हवं? मग करा." त्यांचे १२,००० गेले. मजुरांना द्यायला ठेवलेले.

याच्या उलट आमच्या गल्लीतल्या आक्का. सत्तरी उलटलेल्या, वाचता जेमतेम येतं, व्हॉट्सॲप फक्त पुण्याच्या नातवाचा आवाज ऐकायला. त्यांनी फाईल दाबली, इशारा आला, तसा फोन रुमालात गुंडाळला आणि सकाळी दुकानात आणून ठेवला. "आरं बाळ, ह्येला कायतरी झालंय, तांबडं झालंय. मी हात लावला न्हाई." रात्रभर फोन देवळीत ठेवला होता, आजारी माणसासारखा. त्यांना एपीके ठाऊक नाही, ओटीपी ठाऊक नाही. तांबडं झालं की थांबायचं, एवढंच ठाऊक. मी तो फोन रुमालातून काढला तेव्हा स्क्रीनवर तो प्रश्न तसाच होता, कुणी हो-नाही न म्हटलेला.

आता बागायतदारांच्या ग्रुपवर नियम झालाय: फोटो चालेल, आवाज चालेल, फाईल नाही. खरं चलान बघायचं तर सरकारी संकेतस्थळावर आपणच जाऊन गाडीचा नंबर टाकायचा, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघायचं; कुणी पाठवलेल्या ॲपमधून नाही. फुकट मॅचची ॲप टाकून द्यायचं मी बंद केलं. पोरं समोरच्या दुकानात जातात, जाऊ देत. आठ-दहा दिवस गल्लीत सगळे रोख द्यायला लागले होते, माझ्या काउंटरवर तर कोडाकडे कुणी बघेना. मग सुट्ट्यांची बोंब झाली आणि स्पीकर परत बोलायला लागला. लोकांना तंत्रज्ञानाचा राग आला नव्हता म्हणा. माझा आला होता.

अण्णांचे बारा हजार मी पाकिटात घालून घरी घेऊन गेलो होतो. त्यांनी चहा दिला, पाकीट परत खिशात घातलं माझ्या. "तू कुठं चोर हाईस," म्हणाले. त्यानंतर तीन महिने दुकानात आले नाहीत. छाटणीचे दिवस आहेत, म्हणून मी मनाची समजूत घातली.

परवा आले. फोनची काच तडकली होती. मी बसवून दिली, दीडशे सांगितले. त्यांनी क्यूआरकडे पाहिलं, मग बंडीच्या आतून नोटा काढून मोजून दिल्या. जायला वळले, दारातून परत आले.

"पावती दे," म्हणाले.

नऊ वर्षांत त्यांनी पावती कधी मागितली नव्हती. माझ्याकडे पावतीपुस्तक सापडायला पाच मिनिटं लागली. ते तिथेच उभे राहिले.