टेबलावरचं वाफेचं इंजिन : खारपाणपट्ट्यातल्या शाळेने घ्यावं का?

पितळी बॉयलर दीडशे मिलिलिटरचा, रूळ नाहीत, रोलरवर जागीच फिरतं; किंमत साडेबारा हजार. पण १८६७ मध्ये नागपूरला गाडी आली त्या काळचा ड्रायव्हर दिवसभर कशात गुंतलेला असायचा, ते पोरांना यावर नीट दाखवता येतं. तो रस्त्याइतकीच बॉयलरमधल्या पाण्यावर नजर ठेवून असायचा.

दर्यापूर-मूर्तिजापूरकडचं बोअरचं पाणी यात घालूच नका. खारट पाणी उकळताना फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरात शिरतं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. या मॉडेलचा सिलिंडर स्प्रिंगवर टेकलेला आहे, म्हणून तो नुसता उचलला जाऊन गरम पाणी थुंकतो; मोठ्या इंजिनात झाकण फुटायचं किंवा दांडा वाकायचा. त्यासाठीच ड्रायव्हर सुटताना ड्रेन कॉक, म्हणजे सिलिंडरातलं पाणी काढायचे नळ, उघडे ठेवायचा. पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा.

शंभर मिलि पाणी, तेही गरम करूनच भरा. वरची जागा वाफेला लागते. ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे तेलाच्या डबीत, जाड स्टीम ऑइल. शिलाई मशीनचं तेल वाफेत धुऊन जातं. इंधनाच्या तीन वड्या, चौथी नाही: आग पाण्याच्या आधी विझली पाहिजे. कोरडा बॉयलर तापला की डाख वितळतो. मोठ्या इंजिनात फायरबॉक्सच्या छतातला शिशाचा प्लग असाच वितळे आणि वाफ आगीवर सुटे. चार-पाच मिनिटांत सेफ्टी व्हॉल्व्ह बोलू लागतो. मग चाकं हाताने दोन-तीनदा फिरवून सिलिंडरातलं पाणी काढा आणि रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरात वाफ सोडणारा कॉक, हळूच उघडा.

आता उणिवा. पाणी दाखवणारी काच आहे, पण तिला कॉक नाही. नळीत बुडबुडा अडकला की काच खोटं बोलते. ड्रायव्हर कॉक उघडून ती फुंकून घ्यायचा, इथे इंजिन तिरपं करून बघावं लागतं. चालू इंजिनात पाणी भरायची सोयही नाही. वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा जिफार्डचा इंजेक्टर १८५८ चा. त्याआधी पंप चाकांवर चाले, त्यामुळे उभ्या इंजिनाला पाणी द्यायचं तर ते मागे-पुढे पळवावं लागे. हे सांगून भागतं, दाखवता येत नाही.

खरी खंत रिव्हर्सरची, म्हणजे दिशा बदलायच्या लिव्हरची. पुढे किंवा मागे, एवढंच. वेग आला की लिव्हर मधल्या खाचांकडे आणून वाफ लवकर तोडायची आणि उरलेलं काम तिच्या फुगण्यावर सोडायचं, यात ड्रायव्हरचा हात कळायचा. कोळसा वाचायचा तो तिथेच. शकुंतला या इकडच्या नॅरोगेज गाडीवर १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे मूर्तिजापूरकडे अजून कुणी आजोबा लगेच विचारतील, ‘खाचा कुठं हायेत?’

खेळ संपल्यावर उरलेलं पाणी कोमट असतानाच ओता. सेफ्टी व्हॉल्व्हखालचे वॉशर सोबत दोनच येतात आणि तेच आधी गळतात. मागवतानाच चार जास्तीचे सांगा.