अंटार्क्टिकाचं जहाज : चारशेवालं की शंभरवालं?

मेव्हण्याचा परवा फोन आला. "भाऊजी, तुम्ही दोन्ही करून आलात. आता एकच सांगा, मोठं जहाज घेऊ की लहान?" निम्मं सांगून झालं आणि फोन कट झाला. उरलेलं, आणि बायको शेजारी बसली होती म्हणून जे बोललो नाही तेही, इथे लिहितो.

माझा कल कुठून येतो ते आधी सांगणं बरं. अठ्ठावीस वर्षं मर्चंट नेव्हीत, इंजिन रूममध्ये काढली. त्यामुळे जहाज हललं तर मला काही वाटत नाही आणि बाल्कनीवाली केबिन म्हणजे उगाच खर्च वाटतो. तेवढं वजा करून वाचा. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही दोघं साधारण पावणेचारशे प्रवाशांच्या जहाजाने गेलो. २०२५ च्या जानेवारीत मुलीच्या आग्रहाने, आणि तिच्याच पैशाने, १०४ प्रवाशांच्या जहाजाने. दोन्ही वेळा उशुआयाहून, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरातून, दोन्ही वेळा अंटार्क्टिक द्वीपकल्पालाच. (आपलं मैत्री किंवा भारती केंद्र दिसतं का, असं हटकून विचारतात. नाही. ती पार दुसऱ्या अंगाला आहेत, हजारो किलोमीटर लांब.) केबिनचा आकार, जेवणाचे प्रकार, गरम पाण्याचं कुंड हे सगळं ब्रोशरमध्ये आहे. मी फक्त किनाऱ्यावर उतरण्याच्या दिवसाबद्दल बोलणार, कारण एवढे पैसे आपण त्याच दिवसांसाठी मोजतो.

एका वेळी किनाऱ्यावर १०० पेक्षा जास्त प्रवासी नकोत, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. सहल कंपन्यांची संघटना तो आधीपासून पाळत होती, २००९ साली बाल्टिमोरच्या बैठकीत अंटार्क्टिक करारातल्या देशांनीही तो मंजूर केला. ५०० च्या वर प्रवासी असतील तर कुणालाच उतरवायचं नाही, एका जागी एका वेळी एकच जहाज, दर २० माणसांमागे निदान एक गाइड, हेही त्यातच. ब्रोशरवाले हे पर्यावरणाच्या पानावर हिरव्या चौकटीत छापतात. खरं तर ते दिवसाच्या वेळापत्रकात छापायला हवं. पावणेचारशेला शंभराने भागलं की चार गट होतात, आणि पुढचं सगळं त्या चार गटांत अडकतं.

मोठ्या जहाजावर आम्ही चौथ्या गटात होतो. क्रम फिरता होता, आज शेवटी तर पुढच्या लँडिंगला पहिले. पहिला गट किनाऱ्यावर, दुसरा झोडियाक नावाच्या हवा भरलेल्या रबरी बोटींतून हिमनगांच्या फेरीला, तिसरा-चौथा जहाजावर, मग अदलाबदल. कागदावर अगदी न्याय्य. किनाऱ्यावर हाती पडायचा तास, फार तर सव्वा तास. आता वाट पाहण्याबद्दल माझी तक्रार नाही. बंदराबाहेर नांगर टाकून बर्थसाठी, म्हणजे धक्क्यावरच्या जागेसाठी, आठ-आठ दिवस काढलेला माणूस मी. शिवाय लाउंजच्या काचेतून हंपबॅक देवमासा दिसतो, हातात कॉफी असते, गाइड येऊन गप्पा मारतात. तीन तास असेच बसा म्हणाले असते तर आनंदाने बसलो असतो.

खटकलं ते कपडे चढवून वाट पाहणं.

थर्मलची जोडी, त्यावर फ्लीसचं उबदार जॅकेट, त्यावर खांद्यावरून पट्टे येणारी वॉटरप्रूफ पँट, दोन जोड मोजे, जहाजाने दिलेले गुडघ्यापर्यंतचे गमबूट, पार्का म्हणजे जाडजूड कोट, टोपी, दोन थरांचे हातमोजे, आणि या सगळ्यावर लाइफजॅकेट. हे चढवायला बायकोला पंचवीस मिनिटं लागायची, मला पंधरा. स्पीकरवर "गट चार, तयार राहा" असं यायचं. "तयार राहा" आणि "या" यांच्यात कधी दहा मिनिटं जायची, कधी पाऊण तास. आत हीटर चालू. दहा मिनिटांत पाठीवरून घामाची धार, पंधराव्या मिनिटाला चष्म्यावर वाफ. मग एकदाचं बोलावणं आलं की त्याच ओल्या बनियनवर झोडियाकमधला वारा.

आणि बाथरूम. किनाऱ्यावर सोय नाही आणि उघड्यावर जायचं तर नावच काढायचं नाही, म्हणजे जे काय ते निघण्याआधी. बायको सगळं चढवून बसली की बरोबर तेव्हा म्हणायची, "अहो, आत्ता जाऊन येऊ का? तेवढ्यात बोलावलं तर?" आठ दिवस तिने सकाळचा चहा सोडला. ठाण्यात पहिल्या कपाशिवाय जी बाई कुणाशी बोलत नाही, तिने अंटार्क्टिकात चहा सोडला, यावरून काय ते समजा.

नेको हार्बरला तर कहर झाला. खुद्द खंडाच्या भूमीवर पाऊल ठेवायची ती जागा. बेटं कितीही केली तरी हा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. आम्ही तेव्हा पुन्हा शेपटाला. पहिले तीन गट जाऊन आले, आमच्या लाइफजॅकेटचे बकल लागले, बूट जंतुनाशकाच्या गुलाबी पाण्यात बुडवून झाले, दारापाशी पोचलो आणि समोरच्या हिमनदीवरून वारा खाली कोसळायला लागला. बाजूच्या दारापाशी झोडियाक मीटरभर वर-खाली. दोन मिनिटांत घोषणा झाली, लँडिंग बंद. निर्णय योग्यच होता, मी त्या जागी असतो तरी हेच केलं असतं. पण तीन गटांच्या फोटोंत खंड आणि आमच्या फोटोंत दार! दोन दिवसांनी पॅराडाइज बेमध्ये, अर्जेंटिनाच्या ब्राउन केंद्रापाशी आमचंही खंडावर पाऊल पडलं, त्यामुळे नुकसान तसं काही झालं नाही. तरी ते दार डोक्यात राहिलं. तिथे वारा क्षणात फिरतो, आणि रांग जितकी लांब तितकी शेपटाची माणसं वाऱ्याच्या हाती.

लहान जहाजावर पहिल्या दिवशी जुन्या सवयीने मी साडेसातलाच थर्मल चढवून बसलो. साडेआठला हाक आली. बूट ठेवायच्या खोलीत, जहाजावर तिला मडरूम म्हणतात, भिंतीवर नंबरांच्या चकत्यांचा फळा. आपली चकती उलटी करायची आणि निघायचं, परत आलं की सुलटी. इंजिन रूममध्ये टाकीत उतरताना आम्ही हेच करायचो, त्यामुळे फार जवळचं वाटलं. झोडियाकमध्ये दहा-दहा जण, खलाशी मनगटाला मनगट भिडवून धरणार, आपण रबराच्या फुगीर कडेवर बसून सरकायचं. नऊ वाजायच्या आत पाय खडकावर. १०४ चे शंभर कसे होतात म्हणाल, तर आठ-दहा जण कयाकमध्ये असतात आणि दोघं-तिघं केबिनमध्ये आडवे. हिशेब आपोआप जुळतो.

किनाऱ्यावर अडीच तास मिळाले. अडीच तासांत एका तासापेक्षा दीड तास जास्त असतो एवढंच मला आधी वाटत होतं. कुव्हरव्हिल बेटावर कळलं की तसं नाही. तिथे जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत आहे आणि वास असा, की ससून डॉकची सवय असलेला माणूसही रुमाल शोधेल. पहिला तास सगळ्यांचा सारखाच जातो. लाल झेंड्यांच्या वाटेने वर जायचं, पाच मीटरचं अंतर सांभाळायचं, पेंग्विन वाट ओलांडत असेल तर थांबायचं, शंभर फोटो काढायचे. तास संपला की बोटं गारठतात, कॅमेरा खिशात जातो आणि मग माणूस नुसता बघायला लागतो. एका घरट्यात दोन राखाडी पिल्लं होती. समोर एक स्कुआ येऊन बसला, पिल्लं पळवणारा पक्षी, तपकिरी, घारीएवढा. पेंग्विनने मान लांब करून त्याच्यावर चोच उगारली. तेवढ्यात दुसरा मागून आला. पेंग्विन वळला, तो उडाला. पुन्हा पुढचा एक पाऊल जवळ. असं तीनदा. चौथ्या वेळी मागच्याने एक पिल्लू उचललं. आरडाओरडा वगैरे काही नाही. शेजारच्या घरट्यातल्याने फक्त मान फिरवली. उरलेल्या पिल्लावर आई की बाप कोण होता तो नीट बसला. हे पाहायला पस्तीस मिनिटं एका जागी उभं राहावं लागलं. मोठ्या जहाजावर विसाव्या मिनिटाला गाइडने घड्याळ दाखवलं असतं.

उभं राहावं लागलं, हे मुद्दाम लिहिलं आहे. २०१८ मध्ये मी खडकावर निवांत टेकलो होतो. आता बर्ड फ्लूमुळे ते बंद. बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. त्यामुळे लहान जहाजाचे अडीच तास म्हणजे मऊ बर्फात, गमबूट घालून, अडीच तास उभं. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते. बायको तासाभराने पुढच्या झोडियाकने परत गेली आणि गरम सूप घेत बसली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा व्हायची असेल, तर किनाऱ्यावरच्या जादा वेळाचा तुम्हाला उपयोग किती, याचा प्रामाणिक विचार करा.

लहान जहाजाचे बाकीचे तोटेही सांगतो, नाहीतर पक्षपात होईल. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र. उशुआयाहून तो ओलांडायला दोन दिवस जातात, यायलाही दोन. मोठ्या जहाजावर बायको जेवायला येत होती. लहानवर जाताना दीड दिवस ती पलंगाची कड धरून होती, आणि "स्टॅबिलायझर आहेत ना?" असं तिने विचारल्यावर मी जहाजाचं डोलणं कमी करणाऱ्या त्या यंत्रणेचं तंत्र समजावत बसलो, ती माझी चूक. जेवणाचंही तसंच. मोठ्या जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, मडगावचा एक जण भेटला, त्याने दोनदा सार-भात करून घातला. लहानवर शाकाहारी म्हणजे पास्ता, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या आकाराचा पास्ता. पैसे माणशी जवळजवळ दीडपट पडले. धूर-तेलाच्या बाबतीत मात्र दोघांत डावं-उजवं करू नका. २०११ पासून ६० अंश दक्षिणेच्या पलीकडे जड इंधन न्यायलाच बंदी आहे. ज्या डांबरासारख्या तेलाशी मी जन्मभर झगडलो ते तिथे कुठल्याच जहाजात नसतं, याचं मला दोन्ही वेळा सारखंच समाधान वाटलं.

तर मेव्हण्याला काय सांगू? तो आईला घेऊन जाणार आहे, वय ७८. माझ्या सासूबाईंसाठी मोठं जहाज बरं, यात मला शंका नाही. लिफ्ट आहे, हलणं कमी, काचेतूनही पुष्कळ दिसतं आणि किनाऱ्यावर एक तास त्यांना पुरे. लहान मुलं असतील, समुद्र लागत असेल किंवा बजेट ताणायचं नसेल तरीही मोठंच. बाकी कुणाला, म्हणजे ज्याचे गुडघे ठीक आहेत आणि जो आयुष्यात एकदाच जाणार आहे त्याला, मी आपलं हळूच लहानकडे ढकलेन. पैसे कमी पडत असतील तर एक वर्ष थांबून लहान घ्या, असंही म्हणेन. हे माझं मत. आमच्या घरात मतदान घेतलं तर एक-एक होईल. बायको म्हणते, तिसऱ्यांदा गेलोच तर बाल्कनीवाली केबिन, आणि सकाळचा चहा.

बुकिंग करताना एजंट जहाजाची क्षमता सांगतो, तिच्यावर जाऊ नका. त्या फेरीला प्रत्यक्ष किती प्रवासी असतील, किती गट पडतील आणि एका लँडिंगला किनाऱ्यावर किती वेळ मिळेल, हे तीन प्रश्न लेखी विचारा. दोनशेच्या आसपासचं जहाज मी केलेलं नाही, पण तिथे दोनच गट पडतात. निम्मे झोडियाकच्या फेरीला, निम्मे किनाऱ्यावर, मग बदल. कपडे चढवून बसायची वेळ फारशी येत नसावी. आणि मोठंच घेतलंत, तर थर्मल आणि वॉटरप्रूफ पँट घालून बसा, पण फ्लीस आणि पार्का मांडीवर ठेवा. "या" ऐकू आल्यावर उठून घातले तरी वेळ पुरतो. आम्हाला हे सातव्या दिवशी एका गाइडने सांगितलं.