परतीच्या पावसाला थ्री फोल्ड छत्री चालते का? वाई-मेणवली रस्त्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बटणवाली थ्री फोल्ड छत्री, म्हणजे तीन घड्या होऊन छोटी होणारी, उन्हाला एक नंबर, सरळ पडणाऱ्या पावसाला बरी, आणि ऑक्टोबरच्या वाऱ्याला अजिबात नाही. पाचपैकी तीन. त्यातले दोन फक्त ती पर्समध्ये मावते म्हणून.

आता सविस्तर.

आम्ही वाईचे. संध्याकाळी गणपती घाटावरून निघायचं, कृष्णा नदीच्या कडेकडेने जमेल तिथवर आणि पुढे रस्त्याने मेणवलीपर्यंत, तिथल्या घाटावर जरा टेकायचं आणि परत, असा आमचा नेहमीचा फेरा. जाऊन येऊन सहा-सात किलोमीटर होतात. उन्हाळ्यात हा रस्ता नको वाटतो, पावसाळ्यात चिखल आणि नदीला पाणी, पण नवरात्र ते दिवाळी ह्या काळात ह्याच्यासारखा रस्ता नाही. पाणी जरा निवळलेलं असतं, दोन्हीकडे ऊस आणि हळद उभी, बांधाला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, वर पाचगणीचा डोंगर अजून हिरवा. फक्त हवेचा भरवसा शून्य. सकाळी नदीवर धुकं, साडेअकराला असं ऊन की डोकं तापतं, चारला ढग जमतात, साडेपाचला पाऊस, आणि सातला परत चांदणं. एका दिवसात तीन ऋतू, आणि बाई माणसाने घरातून निघताना नक्की घालायचं काय?

रेनकोट हा प्रकार ह्या दिवसात बाद. ऑक्टोबर हीटमध्ये रेनकोट घालून चाललं की बाहेरून जेवढं भिजलो नसतो त्याच्या दुप्पट आतून भिजतो. विंडचीटरचं तेच. टोपीने ऊन भागतं पण पावसाचं काय. म्हणजे राहिली छत्री, आणि तीही अशी की पाऊस नाही आला तर हातात लोढणं नको. म्हणून पुण्याला गेले होते तेव्हा बोहरी आळीतून ही थ्री फोल्ड घेतली, ३८० रुपये. ब्रँड लिहीत नाहीये कारण त्याच दुकानात सेम टू सेम छत्री वेगवेगळ्या नावांच्या पिशवीत ठेवलेली होती, त्यामुळे नावाला काही अर्थ नाही, प्रकार बघा. आठ काड्या, आतून काळं कोटिंग, मुठीवर बटण, मिटल्यावर साधारण फूटभर.

उन्हाचं काम जबरदस्त. हे काळं कोटिंग असतं ना ते खरंच फरक करतं, आधीच्या साध्या कापडाच्या छत्रीतून ऊन नुसतं गाळून यायचं, ह्यात खाली नीट सावली पडते. दुपारी भाजी आणायला, पोराला क्लासला सोडायला, एसटीची वाट बघत उभं राहायला, मस्त. ऑक्टोबरचं ऊन मेपेक्षा का टोचतं हे मला आधी कळायचं नाही, पण कारण सोपं आहे, ढग गेलेले असतात, जमीन मात्र अजून ओली असते, तिची वाफ होत राहते आणि वारा पडलेला असतो, त्यामुळे घाम वाळतच नाही. अशा वेळी डोक्यावर सावली असणं म्हणजे अर्ध काम.

साधा पाऊस, म्हणजे वारा नसलेला, तोही ठीक. खांद्याच्या पुढे थोडं भिजतं, पाठीवरची सॅक भिजते, कारण घेर लहान आहे. एकट्याची छत्री आहे ही, नवऱ्याला आत घेतलं की दोघांचाही एकेक खांदा बाहेर.

आता खरा मुद्दा, वारा. इथे ही छत्री का मार खाते त्याचं कारण मला मेणवलीच्या रस्त्यावरच समजलं. जूनमध्ये आपल्याकडे पाऊस येतो पश्चिमेकडून, वाईत म्हणजे पाचगणी-महाबळेश्वरच्या डोंगरावरून खाली. वाराही तिकडूनच. तुम्ही छत्री वाऱ्याकडे तिरकी धरता, वारा छत्रीच्या पाठीवर आपटतो आणि बाजूने निघून जातो. परतीचा पाऊस उलटा. तोवर वारे फिरलेले असतात, ढग पूर्वेकडून चढतात. आणि आपण संध्याकाळी मेणवलीकडे निघालो की तोंड असतं पश्चिमेकडे, मावळतीचं ऊन सरळ डोळ्यात. मग आपण काय करतो, छत्री पुढे झुकवून ढालीसारखी धरतो. म्हणजे छत्रीचं पोट मागे, आणि मागूनच वारा. भरलीच की हवा! फट्ट करून उलटी. पावसाचा अजून थेंब नाही, ऊन आहे, आणि छत्री उलटी होऊन हातात, मागून बाईकवरून जाणारी पोरं हसतायत.

एकदा उलटी झाली की थ्री फोल्डचा प्रॉब्लेम असा की हिच्या प्रत्येक काडीला सांधे जास्त. लांब छत्रीची काडी अख्खी एक असते, ही तीन तुकड्यांत दुमडते, प्रत्येक सांध्याला बारीक रिवीट. वाकते ती सांध्यातच. माझी दोन काड्यांच्या सांध्यात वाकली, सरळ केली, पण आता त्या बाजूचं कापड सैल पडलंय आणि पाणी बरोबर तिथून पागोळीसारखं गळतं. काड्या जर फायबरच्या असतील तर त्या लवतात आणि परत सरळ होतात, पत्र्याच्या वाकल्या की वाकल्या. माझ्या छत्रीत टोकाचा तुकडा फायबरचा आणि मधले दोन पत्र्याचे निघाले. दुकानात "मॅडम फुल फायबर आहे" म्हणून सांगितलं होतं. दुकानात उघडून आत हात घालून बघा, पत्र्याची पट्टी पन्हळीसारखी दुमडलेली असते, लगेच कळते.

दुसरं ते बटण. दाबलं की उघडते, परत दाबलं की मिटते, व्हिडिओत भारी दिसतं. पण मिटतं ते फक्त कापड. दांडा तसाच लांब राहतो आणि तो स्प्रिंगच्या विरुद्ध आत दाबायचा, टक् आवाज येईपर्यंत. ओल्या हाताने, एका हातात भाजीची पिशवी, एसटीच्या पायरीवर एक पाय, मागून लोकं ढकलतायत, आणि तो दांडा अर्ध्यातून सटकून परत बाहेर. मूठ पोटाला ठेवून दाबायची हीच एक पद्धत जमते, आणि मग टॉप ओला. साधी हाताने उघडायची घ्या, स्प्रिंगच नाही तर बिघडणार काय.

सासूबाईंचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "अगं ती काठीची घेऊन जा, ह्या खेळण्यानं काय व्हायचंय." त्यांची काळी लांब छत्री, लाकडी दांडा, वाकडी मूठ, कापड एकदा बदललेलं. मी नेऊन बघितली, खोटं कशाला बोलू, वाऱ्याला ती ऐकत नाही. शिवाय घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर टेकायला काठी, मेणवलीच्या वाटेवरच्या कुत्र्यांना दाखवायला काठी. पण पाऊस आला नाही की पूर्ण फेरा ते ओझं वागवायचं आणि घाटावर बसलं की विसरायची. शिवाय सासूबाई ती दारामागच्या खुंटीवरून हलू देत नाहीत, देताना तीनदा बजावतात.

गणपती घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांनी बघितलेलं असतं पण मागे जाऊन फार कमी लोकं बघतात. १७६२ सालचं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं, आणि मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली, पूर आला की पाणी आपटायच्या ऐवजी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. नदीच्या काठावर इतकी वर्षं उभं आहे ते. मला त्या भिंतीपाशी उभं राहून ह्या छत्रीचा राग आला. अडवायचं नाही, वाट काढून द्यायची, एवढी साधी गोष्ट. तशी छत्री मिळते खरं तर, डबल कापडाची, वरच्या बाजूला दोन थरांमध्ये फट असते, त्यातून वारा निघून जातो आणि पाणी आत येत नाही. ऑनलाईन दिसतात, गोल्फ छत्री म्हणून लांबही येते आणि टू फोल्डमध्येही येते, किंमत मात्र दुप्पट. पुढची तीच घ्यायची असं ठरवलंय, बघू.

आणि एक महत्त्वाचं, हे छत्रीच्या रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही. परतीचा पाऊस म्हणजे विजा. जुलैचा पाऊस दिवसदिवस पडेल पण गडगडाट कमी, ह्या दिवसातला दुपारच्या उन्हाने तापून उभा वाढलेला ढग असतो, तो तासभरात सगळं आवरतो पण विजेसकट. अशा वेळी छत्री कितीही भारी असू दे, उघड्या रस्त्यावर आणि नदीच्या काठी ती उघडून चालायचं नाही. झाडाखाली तर मुळीच नाही, आणि मेणवलीच्या रस्त्याला नेमकी सगळे झाडाखालीच धावतात. पक्कं बांधकाम गाठायचं नाहीतर बंद गाडीत बसायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी थांबायचं. फोनमध्ये दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं आहे, फुकट आहे, आपल्या भोवतीच्या वीस ते चाळीस किलोमीटरात वीज पडतेय का ते सांगतं. मी निघायच्या आधी ते बघते, आणि हवामान खात्याने जिल्ह्याला दिलेल्या इशाऱ्याचा रंग, यलो आहे का ऑरेंज. ऑरेंज असेल तर फेरा घाटावरच्या घाटावर.

बाकी पंचांगही आहेच. सासूबाई नक्षत्रावर चालतात. चित्रा लागलं की त्यांचं सुरू, "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा", म्हणजे आज ढग दिसतायत, फिरायला जाऊ नका. स्वाती लागलं की "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती", तेव्हा पाऊस आला तरी खूश. गंमत वाटते पण ज्यांचं सोयाबीन काढून खळ्यावर पडलेलं असतं त्यांना ह्या दिवसात ढग दिसला की पोटात गोळा येतो, त्यांच्यापुढे आपलं छत्रीचं रडगाणं काय गायचं. रस्त्यात ताडपत्री ओढत धावणारी माणसं दिसतात, तेव्हा छत्री मिटून एक टोक धरायला जायचं असतं.

मेणवलीला पोचल्यावर मात्र सगळं विसरायला होतं. नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, मेणेश्वराचं देऊळ, आणि ती मोठी घंटा, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीजांची. वरच्या धोम धरणातून पाणी सोडलं असेल तर खालच्या पायऱ्या पाण्यात असतात, तेव्हा वरच बसा, पायऱ्या दिसत नाहीत आणि शेवाळ आहे. शनिवार-रविवारी फोटोवाल्यांची गर्दी, प्रीवेडिंगवाले रंगीत छत्र्या घेऊन येतात, त्यांच्याही उलट्या होतात. मधल्या वारी या.

देखभालीचं पटकन. ओली छत्री त्या पिशवीत कोंबून ठेवू नका, रिवीट गंजतात आणि पांढऱ्या कपड्याला तपकिरी डाग लागतात. अर्धवट उघडून सावलीत वाळवा. कोटिंग घडीवर चिरतं, माझं आत्ताच दोन घडींवर उन्हात धरलं की बारीक रेषा दिसतात, म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत उन्हाचं काम निम्मं होणार. आणि बिघडली तर ऑक्टोबरात दुरुस्तीवाला मिळत नाही. छत्री दुरुस्तीवाले जूनमध्ये बाजारात बसलेले असतात, गणपती झाले की दिसत नाहीत, तेव्हा घरात पक्कड आणि बारीक तार ठेवा.

मग घ्यायची का? रोजच्या बाजारहाटाला, ऑफिसला, एसटीच्या प्रवासाला, हो, घ्या, पण बिनबटणाची आणि काड्या बघून. नदीकाठी, मोकळ्या रानात चालायला जाणार असाल तर टू फोल्ड घ्या, सांधे कमी, घेर मोठा, पर्समध्ये नाही पण सॅकच्या बाजूच्या कप्प्यात बसते. आणि आत्ता घ्या, कारण दसऱ्यानंतर दुकानदाराला छत्र्या माळ्यावर टाकायच्या असतात, त्यामुळे पन्नास-साठ रुपये सहज सोडतात. फक्त रंग निवडायला मिळत नाही. माझ्या बहिणीने परवा एक टू फोल्ड उचलली, ३०० ला, मरून रंगावर मोठी पिवळी सूर्यफुलं, भाऊजी तिच्याबरोबर फिरायला जाताना चार पावलं मागून चालतात.