अनुदानाचा अर्ज पालिकेच्या नावाने की वस्तीतल्या संस्थेच्या?

वस्तीत हवा मोजणारे सेन्सर बसवायचे ठरले की हा पेच येतोच.

पैसा: बरीच अनुदानं आधी खर्च, मग परतफेड अशी असतात. पालिका हा भार पेलते, छोट्या संस्थेची रोकड आटते.

देखभाल: अनुदान खरेदीला मिळतं, पुढच्या वर्षांना क्वचितच. वायू मोजणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर साधारण दोन वर्षांनी बदलावे लागतात. धूलिकणांचे ऑप्टिकल (प्रकाशाच्या साहाय्याने मोजणारे) सेन्सर दमट हवेत फुगवलेला आकडा दाखवतात, कारण कण पाणी शोषून मोठे होतात. म्हणून ते आधी काही आठवडे प्रमाणित हवा-मापन केंद्राशेजारी ठेवून आकडे जुळवावेत. खांब आणि वीजही बहुधा पालिकेच्याच ताब्यात.

सहभाग: इथे संस्था निःसंशय सरस. पालिकेची यंत्रणा सोयीचा खांब शोधते. रहिवाशांना धूर कुठे साचतो ते ठाऊक असतं. मात्र रहिवाशांच्या सहभागासाठी लागणारे दुभाषी, पाळणाघर, मानधन हे खर्च अर्जात स्वतंत्र ओळीत लिहा, नाहीतर कात्री आधी तिथेच लागते.

कायमचं जाळं हवं असेल तर अर्ज पालिकेने करावा, संस्थेचा वाटा लेखी करारात ठरवून. एखाद्याच रस्त्याचा प्रश्न मांडायचा असेल आणि आगाऊ हप्ता मिळत असेल, तर संस्थेनेच करावा.