सात महिने इपॉक्सी: माल बरा, झाकण भिकार

परवा इपॉक्सीच्या हार्डनरच्या बाटलीचं झाकण पकडीने फिरवताना दोन तुकडे होऊन हातात आलं, म्हणून आज लिहायला बसलो.

इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन द्रव, एकत्र कालवले की दगडासारखे घट्ट होतात. माल मे महिन्यात मुंबईच्या वडगादीतून घेतला, दोन भाग रेझिनला एक भाग हार्डनर अशा प्रमाणाचा, दीड किलो. काम सासऱ्यांच्या वर्सोव्याच्या 18 फुटी होडीचं. नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन फळ्या आणि आतला एक वाक (होडीची बाकदार फासळी) कुजलेला. स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा जात होता. नव्या सागाचा भाव ऐकला आणि ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातून दाराची चौकट उचलली.

पहिल्या दिवशी भर उन्हात पाव किलो एकदम स्टीलच्या डब्यात कालवलं. दहा मिनिटांत धूर, आणि माल डब्यासकट दगड. ढिगात त्याचीच उष्णता त्याला भोवते; थोडं थोडं, पसरट ताटलीत कालवा. इपॉक्सी दाट करायची फिलर पावडर विकत घेऊ नका, सुताराकडचा भुसा बारीक चाळून चालतो. (डबा आणि चाळणी दोन्ही बायकोची. असो.)

आता झाकण. खोबरेल तेलाच्या दहा रुपयांच्या बाटलीलाही याहून बरं असतं! ओघळ आट्यांत सुकतो, झाकण नीट बसत नाही, दमट हवा आत जाते आणि बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली धरते. जूनमध्ये दिलेला थर तेलकट राहिला तो यामुळेच, अशी माझी खात्री होती. कंपनीला सहा फोन केले. उत्तर एकच: "सर, झाकण वेगळं येत नाही, नवीन पॅक घ्या." तेव्हाच एक स्टार ठोकून दिला.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली आणि चौकटीच्या लाकडाचं ठिगळ जागचं हललं नाही. तेलकट थर पावसाळी हवेत येतोच, साध्या पाण्याने घासून धुतला की जातो, हेही उशिरा कळलं. मग तीन स्टार केले. वरून रंग मात्र लावाच, उन्हाने इपॉक्सी खराब होतं.

दिवाळीनंतर वाकावरचा थर पापडासारखा सुटला. तिथे मी पैसे वाचवायला कुजकं लाकूड न काढता वरूनच पातळ इपॉक्सी पाजलं होतं. ओल्या लाकडाने ते प्यायलंच नव्हतं. सासरे शांतपणे म्हणाले, "जावईबापू, खाऱ्या पाण्यानं नाय कुजत एवढं, पावसाच्या पाण्यानं कुजतं. ताडपत्रीचं भोक बुजवलंत का?"

नव्हतं बुजवलं. नवी ताडपत्री महाग वाटली होती.

वाक आता कापून नवा घालणार आहे. चौकटीचा तुकडा उरलाय, इपॉक्सीही पाव किलो आहे. बाटलीच्या तोंडावर सध्या दुधाची पिशवी आणि रबरबँड. चार स्टार देणार होतो, झाकणाचा एक कापला. कुणाकडे त्या मापाचं जुनं झाकण पडलं असेल तर कळवा, वर्सोव्याहून अंधेरीपर्यंत येऊन घेऊन जाईन.